दुसऱ्याच्या चेहऱ्याचा पास

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल कोणाचं भलतंच चांगलं मत व्हायला नको. सोलापुरात मी एका भल्या माणसाच्या सिटी बसच्या पासवर माझा फोटो चिकटवला आणि माझ्या पासवर त्याचा. मुद्दाम नाही. पण माझी नोकरी कळली तर ही सबब तुम्हीही ऐकून घेणार नाही. चिपळूणच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी अठ्ठावीस वर्षं परीक्षेचे फॉर्म तपासतो. फोटो चिकटवलेला आहे का, ज्याचा त्याचाच आहे का, शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर आला का, एवढंच पाहायचं. इतक्या वर्षांत एकाही मुलाचा चेहरा दुसऱ्याच्या नावावर गेला नाही. ही गोष्ट मी लग्नाच्या पंगतीत सांगायचो, एसटीत शेजाऱ्याने विचारलं नाही तरी सांगायचो. आता सांगत नाही.

सोलापूरला जाण्याचं कारण म्हणजे माझे साडू प्रकाशराव यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दिवसातून चार वेळा डोळ्यात औषध घालायचं होतं. माझी मेहुणी शोभा सकाळी शिवणाच्या क्लासला शिकवायला जाते, म्हणून बायकोने मला पाठवलं. शोभा फक्त सकाळीच घराबाहेर असते आणि बाकी वेळ तीच औषध घालू शकते, हा विचार मला कुंभार्ली घाट चढून झाल्यावर सुचला. तोपर्यंत तिकीट काढलेलं होतं.

घाट संपला आणि कराडच्या पुढे झाडं मागे पडत गेली. आम्हा कोकणातल्या माणसांना डोळ्यासमोर कायम एखादा डोंगर लागतो. इकडे नजर टाकली की ती जाते ती जातेच. मार्च अर्धाही सरला नव्हता, पण खिडकीतून येणारा वारा चुलीसमोर बसल्यासारखा लागत होता. संध्याकाळी सोलापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझा शर्ट घामाने भिजून, वाळून, पुन्हा भिजला होता.

शोभाने जेवायला कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली, कित्येक दिवस टिकणारी ज्वारीची भाकरी), शेंगाचटणी आणि दही वाढलं. भाकरी मोडल्याचा आवाज इतका झाला की आतल्या खोलीतून प्रकाशरावांनी विचारलं, "काय फुटलं?"

"भावोजी जेवाय बसलेत," शोभा म्हणाली. पंचवीस वर्षांपूर्वी ती चिपळूणहून इथे आली. आता ती 'लई' म्हणते, 'व्हय' म्हणते आणि मी 'होय' म्हटलं की हसते.

प्रकाशराव सूतगिरणीतून निवृत्त झालेले. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, त्यावर काळा चष्मा. त्यांनी मला तासाभरात माझं वेळापत्रक समजावून दिलं. औषध आठला, बाराला, चारला, आठला. मधल्या वेळात शहर बघायचं. "रिक्षा करू नका, साडू. सिटी बसनं हिंडा. शहर कळतं."

ते मला पटलं. आणि नुसतं तिकीट काढून हिंडण्यापेक्षा पास काढावा, हेही मलाच पटलं. त्यांनी ते सुचवलं नव्हतं. पासवर नाव असतं, फोटो असतो, शिक्का असतो. शिक्का असलेला कागद खिशात असला की मला परक्या गावातही निर्धास्त वाटतं.

सोमवारी आठचा थेंब घालून मी पासच्या खिडकीवर गेलो. खिडकी छातीएवढ्या उंचीवर आणि पोस्टाच्या पेटीच्या तोंडापेक्षा जराच मोठी. आतून आवाज आला, "आठ दिवसासाठी महिन्याचा पास? पाहुणे हाय की तुमी. रोज तिकीट काढा की."

"नाही, पासच हवा," मी म्हणालो.

"हौसच हाय तर काढा. फोटो आणा."

समोरच एक फोटोचा स्टुडिओ होता. आत भिंतीला एका खिळ्यावर एक काळा कोट आणि गाठ मारून ठेवलेला लाल टाय लटकावलेला असतो, असं नंतर कळलं. मी गेलो तेव्हा तो कोट एका माणसाच्या अंगावर होता. वय माझ्याएवढंच, पंचावन्नच्या आसपास. माझ्यासारख्याच मिशा. खाली पांढरा पायजमा, वर काळा कोट, त्यावर टाय, आणि डोक्यावर पांढरी टोपी.

"टोपी निकालो चाचा," स्टुडिओवाला दख्खनीत म्हणाला. "पासमें डोकं खुल्ला होना."

त्या माणसाने इकडे तिकडे पाहिलं. दुकानात मी एकटाच होतो. मग त्याने टोपी काढली, घडी केली आणि कोटाच्या आत छातीशी धरून ठेवली. डोक्यावर काळेभोर, दाट केस. मला आत कुठेतरी हेवा वाटला, हेही इथेच कबूल करतो, कारण माझ्या डोक्यावर आता पुढून मागपर्यंत मोकळं मैदान आहे.

त्याचा फोटो झाल्यावर कोट थेट माझ्या अंगावर आला, भाकरीसारखा गरम. मी नको म्हणत होतो. "पैनो ना साब, कोटमें आदमी उठके दिसता," स्टुडिओवाल्याने ऐकलं नाही. चष्म्यावर दिव्याची चमक येते म्हणून त्याने माझा चष्माही उतरवला. अशा रीतीने एकाच कोटात, एकाच टायमध्ये, निळ्या पडद्यापुढे आम्ही दोघे उमटलो.

परत खिडकीपाशी आलो तर तो माणूस बाकावर फॉर्म मांडीवर घेऊन बसलेला. "साहेब, एवढं लिहून देता काय? चष्मा गावाकडं राहिला."

मला कोणी फॉर्म भरून द्या म्हटलं की काय होतं ते तुम्हाला सांगता येणार नाही. एखाद्या गवयाला गाण्याचा आग्रह व्हावा तसं होतं. मी त्याच्या शेजारी बसलो. नाव सिद्धराम मल्लप्पा बिराजदार. राहणार मंद्रूप. शेत आता मुलगा बघतो. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याच्या गेटवर बसायचं काम लागलं होतं.

"कधीपासून?"

"उद्यापास्नं. गावाकडनं एसटीनं स्टँडला यायचं, तितनं सिटी बस. मुकादम म्हनला, पहिला आठवडा वेळेवर आलास तर ठेवतो, न्हाय तर दुसरा बघतो. म्हनून पास काढालोय. बसमदी सुट्ट्यावरनं खोटी (खोळंबा) नको."

"कारखान्याचं नाव?"

"कागदावर हाय. कागद चष्म्यापाशी हाय."

दोन्ही फॉर्म मी भरले. मग डिंकाची बाटली घेतली. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता, तो मी डिंकाच्या बोटाने वर ढकलला आणि एका काचेवर डिंक पसरला. पुसायला गेलो तर दुसऱ्या काचेवरही पसरला. इथे थांबायला हवं होतं. चष्मा धुवायला हवा होता. पण मनात आलं, अठ्ठावीस वर्षांचा हात आहे, याला डोळे कशाला लागतात? चष्मा खिशात टाकला आणि चारही फोटो चिकटवले, दोन फॉर्मांवर, दोन सोबतच्या कोऱ्या पासांवर. वरून अंगठ्याने दाबलेही.

खिडकीत दोघांचे कागद मीच दिले. आतल्या गृहस्थांनी चष्मा वर करून पाहायला सुरुवात केली तेव्हा मी म्हणालो, "तपासलंय सगळं. मी आयुष्यभर हेच करतोय."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. शिक्के पडले. अर्धे फोटोवर, अर्धे कागदावर, अगदी हवे तसे.

नावं वाचून त्यांनी पास दिले. सिद्धराम यांनी त्यांचा पास प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून हात फिरवला. "लई उपकार झाले, साहेब." मी म्हणालो, "त्यात काय." त्यात काय होतं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

मंगळवार मजेत गेला. आठ ते बारा या दोन थेंबांच्या मध्ये मी भुईकोट किल्ला पाहिला. बारा ते चारमध्ये सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसलो, पाण्याच्या मधोमध देऊळ आणि भोवती बदकं. बसमध्ये शेजारच्या दोन बायका तेलुगूत बोलत होत्या, पुढचे गृहस्थ फोनवर कानडीत, आणि कंडक्टर सगळ्यांशी मराठीत. मी प्रत्येक वेळी पास वर धरत होतो. कोणी पाहिलाच नाही. एकाने तर खिडकीबाहेर बघतच "हं" म्हटलं. मला जरा वाईटच वाटलं.

संध्याकाळी मी शोभाला तो कौतुकाने दाखवला.

"भावोजी, फोटोत लई तरुण दिसताय की," ती म्हणाली. "केस कुठनं आले?"

"लायटिंगचा परिणाम असेल," मी म्हणालो. खरंच म्हणालो.

"बघू," प्रकाशराव म्हणाले. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि पट्टी नसलेल्या एका डोळ्याने पास नाकाजवळ धरला. दोन सेकंदात परत दिला. "हे तुमी न्हाय, साडू."

मी चष्मा घातला. तो आता धुतलेला होता. फोटोतून सिद्धराम मल्लप्पा बिराजदार माझ्याकडे पाहत होते. खाली नाव, सदानंद गणपत आंब्रे.

"मग तुमी कुटं हाय?" शोभाने विचारलं.

"मंद्रूपला," मी म्हणालो.

त्या दोघांना हसू आवरेना. प्रकाशरावांना डॉक्टरांनी हसायला मनाई केली होती, डोळ्यावर ताण येतो म्हणून. ते उशीत तोंड खुपसून हसले. मला मात्र झोप लागली नाही. सकाळी उठून थेट खिडकीवर जायचं, असं मी ठरवलं.

बुधवारी सकाळी मी खिडकीवर गेलो नाही. का गेलो नाही ते लिहितो. 'तपासलंय सगळं' हे वाक्य ज्याला ऐकवलं त्याच्यासमोर उभं राहायचं धैर्य नव्हतं. मी स्वतःला समजावलं की मंद्रूपच्या माणसालाही कोणी अडवत नसेल. माझा पास कुठे कोणी पाहतंय? आणि आठचा थेंब घालून मी सिद्धरामांचा चेहरा खिशात घेऊन बसमध्ये चढलो. आता चूक नव्हती. आता मला माहीत होतं.

नेमक्या त्याच बसमध्ये कंडक्टर बाई होत्या, आणि त्या पास वाचणाऱ्या निघाल्या.

"काका, नुसता खिसा दाखवू नका. पास काढा." त्यांनी पास हातात घेतला. एकदा फोटो पाहिला, एकदा मला. "हे तुमी न्हाय की."

"मीच आहे," मी म्हणालो. "जुना फोटो आहे. आजारपणात केस गेले."

आयुष्यात मला इतकं सहज खोटं कधी आलं नव्हतं. बाईंचा चेहरा मऊ झाला. "असू दे, काका. बसा." पास परत देता देता त्या थबकल्या. "कोट मात्र लई बघितल्यासारखा वाटतोय. काल सकाळी एकजण हुता, ह्योच कोट, ह्योच टाय. फोटोत डोकं सपाट. म्या म्हनलं, टोपी काढा. काढंना. लोक म्हनाले काढा की, खोटी हुतीय. शेवटी काढली, तर एवढे केस. दुसऱ्याचा पास घेऊन निघालता."

"मग?" मी विचारलं.

"म्हनत हुता, माजाच हाय, नाव वाचा. म्या म्हनलं, नावाला काय करू, तोंड कुटं हाय? तिकीट काढा म्हनलं तर म्हनला, पास असताना तिकीट का काढू, म्या काय चोर हाय? आन उतरला सात रस्त्याच्या चौकात. कामाचा पहिला दिवस हाय म्हनत हुता. सगळेच म्हनतात."

मी पुढच्याच थांब्यावर उतरलो. मला कुठे जायचं होतं ते आता आठवत नाही. फुटपाथवर उभं राहून एवढंच कळत होतं की माझ्या खोट्याला बसायला जागा मिळाली आणि त्यांच्या खऱ्याला खाली उतरवलं. माझ्या खांद्याला ऑफिसची बॅग होती आणि बोलणं पुस्तकी होतं. त्यांच्याकडे फक्त पास होता. तोही मी केलेला.

तिथून तिकीट काढून एमआयडीसीला गेलो. तो पास पुन्हा वर धरायची हिंमत नव्हती. अक्कलकोट रस्त्यावर टॉवेलचे आणि चादरींचे कारखाने एकाला लागून एक. कुठल्याही भिंतीपाशी थांबा, आतून मागांचा खटखटाट. कारखान्याचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून पहिल्या गेटवर गेलो आणि पासवरचा फोटो दाखवला.

"हा साहेब हितं न्हाय," तिथला वॉचमन म्हणाला.

दुसऱ्या गेटवरचा म्हणाला, "वसुलीला आले काय हे?"

तिसऱ्या गेटवर दोघे जण होते. त्यांनी फोटो उन्हात धरून पाहिला. "एवढा टाय तर आमचा मालकपण घालत न्हाय. बँकेत बघा."

मी सांगत होतो की हे साहेब नाहीत, हे गेटवर बसतात. त्यावर एकाने मला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. ऊन लागलंय असं त्याला वाटलं. डोकं खरोखरच भाजत होतं, म्हणून पुढच्या टपरीवरून मी एक निळी क्रिकेटची टोपी घेतली. अकरा गेटं झाली. बारा वाजून गेले. प्रकाशरावांचा बाराचा थेंब राहिला, हे तेव्हा आठवलं आणि मी फोन केला.

"शोभानं घातला," ते म्हणाले. "तुमी सापडलात काय?"

"मी सापडलोय. ते नाही."

बाराव्या गेटवर फोटो दाखवायची गरज पडली नाही. खाकी शर्ट, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. मला पाहताच ते उठून उभे राहिले. "बर्री साहेब (या). म्या तुमालाच हुडकालोय. तुमी परगावचे, माज्या तोंडानं कसं हिंडत असाल म्हनून काळजी लागली."

मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "ऊटा आतेन्री?" आणि मला कळलं नाही हे पाहून स्वतःच हसले. "जेवन झालं काय? जिभेला कानडी आधी येती." त्यांनी फडकं सोडलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, एक कांदा. अर्धी भाकरी मला दिली. मी खाल्ली. हेही लिहितो. ज्या माणसाला मी बसमधून उतरवलं त्याची अर्धी भाकरी मी खाल्ली, आणि ती फार चांगली होती.

खाताना त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मंगळवारी सात रस्त्यापासून चालत आले, तासभर उशीर झाला. मुकादमाने वहीत खूण केली. आणखी एकदा उशीर झाला तर येऊ नको म्हणाला. म्हणून आज पहाटेची एसटी धरली आणि स्टँडवरून पुन्हा पायीच आले.

"तिकीट काढून बसमधून का नाही आलात?"

"त्या गाडीत परत चढू वाटंना." त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवला. "उशिराचं काय न्हाय, साहेब. टोपी काढाय लावली. आन गाडीत माज्या लेकीच्या सासरचं मानूस हुतं. चुलत सासरा. तेनी बघितलं आन खिडकीकडं तोंड केलं. आता गावात काय सांगितलं असंल?"

या क्षणी जे म्हणायचं ते मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "कागद आहे का?"

कारण मला एकच गोष्ट येते. मी मॅनेजरांच्या नावे अर्ज लिहिला. विषय : श्री. बिराजदार यांच्या उशिरास सर्वस्वी मी जबाबदार असल्याबाबत. संदर्भ : मंगळवारचा उशीर. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. सोबत : पास, दोन. खाली सही, सहीखाली पूर्ण पत्ता.

मॅनेजर तरुण होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, मुकादमाला बोलावून वहीतली खूण खोडायला लावली आणि मला म्हणाले, "साहेब, असा अर्ज मी उभ्या जन्मात बघितला नाही. आमच्या ऑफिसात जागा आहे. येता काय?"

मी सुखावलो. सिद्धराम दाराशी उभे होते, आणि मी माझ्या अर्जाच्या कौतुकाने सुखावलो.

गुरुवारी त्यांची कामाची वेळ दुपारची होती, म्हणून सकाळी आम्ही दोघे खिडकीवर गेलो. मी आतल्या गृहस्थांनाही लेखी माफीनामा दिला, दोन प्रतींत. त्यांनी एक प्रत परत केली. नवे फॉर्म आले. डिंकाच्या बाटलीकडे माझा हात गेला तसा आतून आवाज आला, "तुमी नको. म्या चिकटवतो." सिद्धराम मोठ्याने हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी नवा पास पाकिटात घातला आणि कारखान्याकडे चालत निघाले.

"बस?" मी विचारलं.

"पाय हायेत की," ते म्हणाले.

रात्रीच्या जेवणाला मी शोभाला सगळं सांगितलं. अर्ज, संदर्भ, दोन प्रती, नोकरीची विचारणा.

"आन त्यास्नी काय म्हनालात?" तिने विचारलं.

"कोणाला?"

"त्या बिराजदारास्नी."

मॅनेजरांची माफी मागितली होती. खिडकीतल्या गृहस्थांची मागितली होती. ज्यांच्यापुढे टेबल होतं त्या सगळ्यांची मागितली होती. ज्यांची मागायची ते त्या वेळी माझ्या शेजारी उभे होते.

"साडू," प्रकाशराव म्हणाले, "मला एका डोळ्यानं दिसतं ते तुमाला दोन डोळे आन चष्मा असून दिसंना."

शुक्रवारी माझी चिपळूणची गाडी दहाला होती. आठचा थेंब मी साडेसहालाच घातला. प्रकाशरावांनी तक्रार केली नाही. बॅग खांद्याला, निळी टोपी डोक्यावर, मी स्टँडवर जाऊन मंद्रूपच्या एसटीची वाट पाहत उभा राहिलो. सिद्धराम उतरले आणि मला पाहून थबकले.

"आज बसने जायचं," मी म्हणालो. "मीही येतो."

"नको, साहेब. झालं ते झालं."

"तुमच्या व्याह्यांकडचे ते गृहस्थ याच वेळच्या गाडीला असतात ना?"

त्यांनी होकाराची मान हलवली. त्या गृहस्थांचं मार्केटात काम असतं, रोजचीच गाडी.

बस भरलेली होती. कंडक्टर बाई त्याच होत्या. त्यांनी आधी सिद्धरामांना ओळखलं, मग मला, आणि मग आम्हा दोघांना एकत्र पाहून त्यांनी हातातलं तिकीट फाडायचं थांबवलं. तिसऱ्या बाकावर खिडकीशी फेटा बांधलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

अठ्ठावीस वर्षांत मी कधी उभा राहून बोललेलो नाही. कॉलेजच्या निरोप समारंभातही मी आभारपत्र लिहून दिलं होतं, वाचलं दुसऱ्याने. त्या बसमध्ये मी वरची दांडी धरून उभा राहिलो. किल्ला पाहिला, तळं पाहिलं, पण सोलापूरला मी खरा पोहोचलो तो त्या दांडीला धरून, निघायच्या दिवशी, असं आता चिपळूणला बसून लिहिताना वाटतं. मी काहीतरी पुटपुटलो.

मागून आवाज आला, "काय म्हनालेत? ऐकू यीना."

"मोठ्यानं बोला, काका," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ड्रायव्हरला घंटी मारली. बस सात रस्त्याच्या थांब्यावर उभी राहिली.

मी निळी टोपी काढली आणि डोकं सगळ्यांना दिसेल असं खाली केलं. फेटेवाल्यांनी वळून पाहिलं.

"मी सदानंद गणपत आंब्रे, राहणार चिपळूण," मी म्हणालो. "मंगळवारी यांच्या पासवर जे टक्कल होतं ते हे. पास यांचाच होता. फोटो मी चिकटवला, चष्मा न घालता, आणि वर तपासलंय म्हणून सांगितलं. बाई, बुधवारी मी तुम्हाला आजाराचं सांगितलं ते खोटं होतं. हे खरं बोलत होते. भर गाडीत यांना टोपी काढावी लागली ती माझ्यामुळे. सिद्धरामअण्णा, मी तुमची अर्धी भाकरी खाल्ली आणि हे एवढंसं बोलायला तीन दिवस लावले. मला माफ करा."